विश्लेषण : परदेशात गाडी चालवण्यासाठी ‘आंतरराष्ट्रीय परवाना’ लागतोच का?

भिवंडी-वाडा रस्त्यावरील अंबाडी नाक्यावरून एक वाट भिवंडी-ठाण्याकडे, दुसरी वाड्याकडे आणि तिसरी वज्रेश्वरीमार्गे शिरसाडला, म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जाते. भिवंडी परिसरातील गोदामांमुळे टेम्पो आणि ट्रक चालवणे हा या पट्ट्यातील अनेक घरांचा रोजगार आहे. याच पट्ट्यातून कोणी आखातात नोकरीला जातो, कोणी अमेरिकेतल्या मुलाकडे सहा महिने राहायला जातो, तर कोणी थायलंड-व्हिएतनामला सहलीला. या सगळ्यांना एक प्रश्न समान असतो. आपला महाराष्ट्राचा परवाना तिकडे चालतो, की ‘इंटरनॅशनल लायसन्स’ काढावे लागते? याचे उत्तर देशागणिक बदलते. शिवाय तुम्ही पाहुणे आहात, रहिवासी आहात की चालक म्हणून नोकरीला गेला आहात, यावरही ते अवलंबून असते.

आयडीपी म्हणजे नेमके काय?

‘इंटरनॅशनल लायसन्स’ हा बोलीतला शब्द. कायद्यातील नाव इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी. हा स्वतंत्र परवाना नाही. मूळ भारतीय परवान्याचे ते अनेक भाषांतील, छायाचित्र असलेले अधिकृत भाषांतर आहे. परदेशातील पोलिसाला किंवा गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीला समोरच्या व्यक्तीकडे कोणत्या प्रकारचे वाहन चालवण्याचा अधिकार आहे, हे आपल्या भाषेत समजावे यासाठी ही पुस्तिका असते.

यातून तीन गोष्टी ओघाने येतात. एक, मूळ परवाना सोबत नसेल तर नुसत्या आयडीपीला अर्थ नाही. दोन, मूळ परवान्याची मुदत संपली की आयडीपीही निकामी होते. तीन, ज्या देशाने आयडीपी दिली, त्या देशात ती चालत नाही. भारतातून काढलेली पुस्तिका दाखवून ठाण्यात किंवा वाड्यात गाडी चालवता येत नाही.

करार कोणते आणि त्यांचा संबंध काय?

आयडीपीमागे आंतरराष्ट्रीय करार आहेत. पहिला १९२६ चा पॅरिस करार. त्यानंतर १९ सप्टेंबर १९४९ रोजी जिनिव्हा येथे आणि ८ नोव्हेंबर १९६८ रोजी व्हिएन्ना येथे रस्ते वाहतुकीचे करार झाले. भारत १९६२ मध्ये जिनिव्हा करारात सहभागी झाला. आपल्याकडे मिळणारी आयडीपी याच कराराच्या नमुन्यातील असते. १९६८ च्या व्हिएन्ना वाहतूक करारात भारत नाही.

हा तपशील वरवर कागदी वाटतो, पण प्रवाशाच्या दृष्टीने तोच निर्णायक ठरतो. काही देश दोन्ही करारांत आहेत, काही एकातच, तर काही एकातही नाहीत. जो देश फक्त व्हिएन्ना करारातील आयडीपी मानतो, तिथे भारतीय आयडीपी खिशात असूनही चालक कायद्याच्या नजरेत विनापरवाना ठरू शकतो.

दोन्ही करारांतील आयडीपींची मुदतही वेगळी आहे. जिनिव्हा करारानुसार ती जास्तीत जास्त एक वर्षाची, तर व्हिएन्ना करारानुसार जास्तीत जास्त तीन वर्षांची. दोन्हीकडे मूळ परवान्याची मुदत आधी संपत असेल, तर आयडीपीही तिथेच संपते.

कोणत्या देशात लागते, कोणत्या देशात नाही?

ब्रिटन : पाहुणा म्हणून गेलेल्या व्यक्तीला आपल्या देशाच्या वैध परवान्यावर १२ महिने मोटार किंवा दुचाकी चालवता येते. आयडीपीची कायदेशीर सक्ती नाही.

अमेरिका : नियम राज्यागणिक वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात १८ वर्षांवरील पाहुण्याला आपल्या देशाच्या वैध परवान्यावर गाडी चालवता येते. काही राज्ये परवाना इंग्रजीत नसल्यास आयडीपी मागतात. महाराष्ट्राचे स्मार्ट कार्ड इंग्रजीत असल्याने तिथे अडचण कमी येते. फ्लोरिडाने १ जानेवारी २०१३ पासून परदेशी पाहुण्यांना आयडीपी सक्तीची केली होती. ही सक्ती जिनिव्हा कराराशी विसंगत ठरू शकते, असे लक्षात आल्यावर काही आठवड्यांतच तिची अंमलबजावणी थांबली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती रद्द झाली.

ऑस्ट्रेलिया : पर्यटकाला इंग्रजीतील परवाना सहसा पुरतो. इंग्रजीत नसेल तर आयडीपी किंवा अधिकृत भाषांतर लागते.

इटली आणि जर्मनी : युरोपीय संघाबाहेरील परवान्याबरोबर आयडीपी किंवा अधिकृत भाषांतर लागते. इथे परवाना इंग्रजीत आहे, एवढे पुरेसे धरले जात नाही.

जपान : फक्त १९४९ च्या जिनिव्हा करारातील आयडीपी चालते. मोजक्या देशांच्या परवान्यांना जपानी भाषांतरावर सूट आहे, त्यात भारत नाही. त्यामुळे भारतीयांना आयडीपीशिवाय तिथे गाडी भाड्याने मिळत नाही.

थायलंड : दोन्ही करारांत असल्याने भारतीय आयडीपी चालते.

व्हिएतनाम : हा देश २०१४ मध्ये व्हिएन्ना करारात आला आणि त्याच करारातील आयडीपी मानतो. भारतीय आयडीपी तिथे ग्राह्य नाही. दुकानदार स्कूटर देतो म्हणजे कायदा परवानगी देतो, असा अर्थ होत नाही.

चीन : मुख्य भूमीवर कोणतीच आयडीपी चालत नाही. स्थानिक परवाना काढावा लागतो.

श्रीलंका : आयडीपी असली तरी त्यावर स्थानिक मान्यता घ्यावी लागते. ऑटोमोबाइल असोसिएशन ऑफ सिलोन ही संस्था ती देते.

नेपाळ आणि भूतान : भारतीय परवाना चालतो. मात्र स्वतःची गाडी घेऊन जाताना गाडीचा वेगळा परवाना लागतो. नेपाळच्या सीमेवर त्यासाठी ‘भन्सार’ म्हणजे सीमाशुल्क भरावे लागते.

संयुक्त अरब अमिराती : ज्या देशांचे परवाने पर्यटकांसाठी थेट मान्य आहेत, त्यांत भारत नाही. पर्यटक म्हणून गाडी चालवायची असेल तर भारतीय परवान्याबरोबर आयडीपी लागते.

हे नियम बदलत असतात. म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या देशाच्या परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा दूतावासाकडे खात्री करून घेणे हाच भरवशाचा मार्ग.

कायद्याने नको, तरी कंपनी का मागते?

कायदा आणि भाडेकरार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या देशात भारतीय परवाना चालत असला, तरी गाडी भाड्याने देणारी कंपनी आपल्या अटींमध्ये आयडीपी मागू शकते. ती नसेल तर आगाऊ आरक्षण असूनही काउंटरवरून परत पाठवले जाते आणि भरलेले पैसे परत मिळतीलच असे नाही. म्हणून आरक्षण करतानाच अटींमधील परवान्याचा भाग वाचून घ्यावा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अॅपमधील परवाना भारतात वैध असला, तरी परदेशात मूळ कार्डच सोबत लागते.

नोकरीसाठी गेलेल्या चालकाला आयडीपी पुरते का?

नाही. अंबाडी, भिवंडी, वाडा पट्ट्यातील चालकांसाठी या विषयातील सर्वात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. आयडीपी ही तात्पुरत्या पाहुण्यासाठी आहे. नोकरीच्या व्हिसावर गेलेली व्यक्ती त्या देशाची रहिवासी ठरते आणि रहिवाशाला स्थानिक परवाना काढावा लागतो. अमिरातीत काही देशांच्या नागरिकांना आपला परवाना थेट बदलून मिळतो, पण त्या यादीत भारत नाही. भारतीय रहिवाशाला तिथे चाचणी द्यावीच लागते. टेम्पो, ट्रक किंवा बस चालवायची असेल, तर त्या त्या प्रकारचा परवाना वेगळा.

अमिरातीत २९ मार्च २०२५ पासून लागू झालेल्या नव्या वाहतूक कायद्यानुसार, तिथे मान्य नसलेल्या परवान्यावर गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी २ हजार ते १० हजार दिरहम दंड आहे. तोच गुन्हा पुन्हा केल्यास तुरुंगवासाचीही तरतूद आहे. अपघातात कोणाचा मृत्यू झाला, तर ‘दियत’ म्हणजे वारसांना द्यायची भरपाई येते. अमिरातीत ही रक्कम २ लाख दिरहम आहे. एरवी हा भार विमा उचलतो. चालकाकडे वैध परवाना नसेल, तर विमा कंपनी दिलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करू शकते. चार पैसे साठवायला गेलेल्या चालकाच्या घरावर यामुळे कर्जाचा डोंगर उभा राहू शकतो.

म्हणूनच ‘इंटरनॅशनल लायसन्स काढून देतो, तिकडे लगेच गाडीवर बसाल’ असे सांगणाऱ्या एजंटापासून सावध राहावे. स्थानिक परवाना कोण काढून देणार, त्याचा खर्च कोण करणार आणि चाचणीत नापास झाल्यास काय, हे करारात लिहून घेतले पाहिजे. परदेशात नोकरीसाठी पाठवणाऱ्या एजंटाची १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असावी लागते. ही नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. अशा एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते.

टेम्पोचालकाने कोणता फरक लक्षात ठेवावा?

६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की, हलक्या मोटार वाहनाचा, म्हणजे ‘एलएमव्ही’ परवाना असलेल्या व्यक्तीला साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवता येते. भारतातील टेम्पोचालकांना त्यामुळे दिलासा मिळाला. परदेशात मात्र ही मर्यादा लागू होत नाही. जिनिव्हा कराराच्या वर्गवारीत ‘बी’ गट, म्हणजे मोटार आणि छोटा टेम्पो, हा साडेतीन हजार किलोपर्यंतच आहे. त्यावरील मालवाहू वाहने ‘सी’ गटात, चालकाखेरीज आठपेक्षा जास्त आसनांची प्रवासी वाहने ‘डी’ गटात आणि दुचाकी ‘ए’ गटात येतात. इथे एलएमव्हीवर जी गाडी सहज चालते, ती तिकडे वेगळ्या गटात मोडू शकते.

दुचाकीबाबत हीच चूक पर्यटकांकडून होते. आयडीपीवर फक्त मोटारीच्या गटाची नोंद असेल, तर थायलंडमध्ये स्कूटर चालवणे विनापरवाना ठरते. अनेक प्रवासविमा पॉलिसींमध्ये त्या वाहनाचा वैध परवाना असणे ही अट असते. ती पाळली नाही, तर रुग्णालयाचे बिल खिशातून भरावे लागते. भाड्याच्या स्कूटरवर बसण्याआधी आयडीपीवर ‘ए’ गटाची नोंद आहे का आणि पॉलिसीत दुचाकीचा समावेश आहे का, हे पाहून घ्यावे.

मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांचे काय?

अमेरिका, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात मुलाकडे काही महिने राहायला गेलेले आईवडील कायद्याने पाहुणेच असतात. त्यामुळे अनेक ठिकाणी भारतीय परवाना त्यांना पुरतो. अडचण वेगळीच येते. मुलाच्या गाडीचा विमा कोणाकोणासाठी आहे? घरात राहणाऱ्या आणि गाडी वापरणाऱ्या व्यक्तीची माहिती विमा कंपनीला द्यावी लागते. ती न देता वडिलांनी गाडी चालवली आणि अपघात झाला, तर दावा अडकू शकतो. एक फोन करून आधीच नाव कळवणे केव्हाही चांगले.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी स्थायिक होणाऱ्या मुलांना मात्र मुदतीचे भान ठेवावे लागते. जर्मनीत राहायला गेल्यावर भारतीय परवाना सहा महिनेच चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही चाचण्या देऊन जर्मन परवाना काढावा लागतो. ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून १२ महिन्यांनंतर तिथला परवाना नसेल, तर गाडी चालवता येत नाही. परवाना थेट बदलून देण्याच्या ब्रिटनच्या यादीतही भारत नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात १ जुलै २०२३ पासून तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांनाही सहा महिन्यांच्या आत स्थानिक परवाना घ्यावा लागतो. अशा वेळी दरवर्षी भारतातून नवी आयडीपी मागवणे हा उपाय ठरत नाही.

अंबाडीच्या रहिवाशाने आयडीपी कुठे आणि कशी काढावी?

आयडीपी आपण राहतो त्या भागाच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून, म्हणजे आरटीओकडून मिळते. अंबाडी भिवंडी तालुक्यात असल्याने येथील रहिवाशांचे कार्यालय ठाणे, म्हणजे ‘एमएच ०४’. याच रस्त्याने थोडे पुढे गेल्यावर लागणारे कुडूस वाडा तालुक्यात, म्हणजे २०१४ मध्ये झालेल्या पालघर जिल्ह्यात येते. तिथल्या रहिवाशांना वसई कार्यालयाकडे, ‘एमएच ४८’ कडे जावे लागते. परवान्यावर जुना पत्ता असेल, तर आधी तो बदलून घेतलेला बरा.

अर्ज केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावरील ‘सारथी’ विभागातून ऑनलाइन करता येतो. त्यासाठीचा अर्ज ‘नमुना ४-अ’ हा आहे. वैध परवाना, पासपोर्ट, छायाचित्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. शिकाऊ परवान्यावर आयडीपी मिळत नाही. केंद्रीय नियमांनुसार शुल्क एक हजार रुपये आहे.

पूर्वी अर्जाबरोबर वैद्यकीय प्रमाणपत्र आणि व्हिसा मागितला जाई. जानेवारी २०२१ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने ही अट काढून टाकली. काही देशांत पोहोचल्यावरच व्हिसा मिळतो, मग तो आधी कुठून दाखवणार, हे त्यामागचे कारण. परदेशात असताना आयडीपीची मुदत संपली, तर भारतीय दूतावासामार्फत नवीन आयडीपीसाठी अर्ज करण्याची सोयही तेव्हाच झाली. पुढे २६ ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने देशभरातील आयडीपीचा आकार, रंग आणि नमुना एकसारखा केला. त्यावर मूळ परवान्याशी जोडलेला क्यूआर कोडही आला.

आयडीपीचे एक वर्ष ती दिल्याच्या तारखेपासून मोजले जाते, विमानात बसल्यापासून नाही. त्यामुळे ती फार आधी काढून ठेवण्यात फायदा नाही. मूळ परवान्याची मुदत संपत आली असेल, तर आधी त्याचे नूतनीकरण करावे. मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो.

बनावट आयडीपी कशी ओळखावी?

इंटरनेटवर ‘इंटरनॅशनल ड्रायव्हर्स लायसन्स’ या नावाने प्लास्टिकची कार्डे विकणारी अनेक संकेतस्थळे आहेत. ‘चाचणी नको, आरटीओ नको, दहा वर्षे वैध’ अशा जाहिराती दिसतात. इथे मुदत पाहिली की खरे-खोटे कळते. कोणत्याही करारातील आयडीपी तीन वर्षांपेक्षा जास्त काळासाठी नसते आणि भारतातील तर एकाच वर्षाची असते. त्यापेक्षा जास्त मुदत सांगणारे कार्ड म्हणजे फार तर खासगी भाषांतर. त्याला कायद्याचा आधार नाही. ते पोलिसाला दाखवल्यास सुटका होण्याऐवजी बनावट कागद दाखवल्याचा ठपका येऊ शकतो.

हीच व्यवस्था उलट दिशेनेही चालते. अंबाडीजवळच्या गणेशपुरीला येणारे परदेशी पाहुणे आपल्या देशाची जिनिव्हा करारातील आयडीपी आणि मूळ परवाना दाखवून भारतात गाडी चालवू शकतात. आपण त्यांची पुस्तिका मानतो, म्हणून त्यांचे देश आपली मानतात.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न मोजकेच आहेत. जाणार तो देश जिनिव्हा कराराची आयडीपी मानतो का? आपण तिथे पाहुणे आहोत की रहिवासी? जी गाडी चालवायची आहे, त्या गटाची नोंद आपल्या परवान्यावर आणि आयडीपीवर आहे का? भाडेकरार आणि विमा काय म्हणतो? या चारही प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली, तर एक हजार रुपयांची ही पुस्तिका खरोखर उपयोगी पडते. नोकरीसाठी जाणाऱ्या चालकाने मात्र तिच्यावर विसंबू नये. स्थानिक परवाना हातात पडेपर्यंत मालकाने कितीही घाई केली, तरी स्टिअरिंगला हात न लावण्यातच त्याचे हित आहे.